काटारिना विटवर खटला चालवायचाच असेल तर

पूर्व जर्मनीची फिगर स्केटर काटारिना विट, हिचं नाव निघालं की दोन तट ठरलेले असतात. एक तट म्हणणार, हुकूमशाहीची लाडकी पोरगी होती ती, बर्लिनच्या भिंतीच्या आत लोक कोंडून पडलेले असताना ही बाई अमेरिकेत मिरवत होती. दुसरा तट म्हणणार, अहो खेळाडू होती, बर्फावर स्केटिंग करायची, तिला कशाला त्या राजकारणात ओढता. २०२५ च्या डिसेंबरात ती साठीची झाली तरी वाद तिथेच अडकलाय. आणि २०२२ च्या मार्चपासून, युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे रशियन स्केटर्सवर आंतरराष्ट्रीय स्पर्धांची बंदी आली तेव्हापासून, हेच दोन डायलॉग नवीन नावांवर चिकटवून पुन्हा चालू झालेत. मला हे दोन्ही तट सारखेच आळशी वाटतात. फायदा घेणं, चेहरा देणं आणि लोकांच्या चुगल्या करणं ही तीन वेगळी कामं आहेत, त्यांची शिक्षाही वेगळी असायला हवी, आणि विटच्या बाबतीत आपण तिन्हीचा काला करून वर एकच शब्द मागतो, दोषी की निर्दोष. माझं म्हणणं असं की पहिल्यासाठी तिला जेवढं झोडपलं जातं तेवढं झोडपू नये, दुसऱ्यासाठी मात्र तिला सोडू नये, आणि तिसरं तिच्या माथी मारायला आजपर्यंत कोणाकडे पुरावा नाही.

ज्यांना ती नुसती नावाने माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९६५, वाढली कार्ल-मार्क्स-श्टाट गावात, ज्याला आता परत जुनं नाव केमनित्झ मिळालंय. पाचेक वर्षांची असताना बर्फावर आली आणि पुढे युट्टा म्युलरच्या हाताखाली गेली. ही म्युलर म्हणजे साधी कोच नव्हे, तो एक कारखाना होता. स्वतःची मुलगी गाब्रिएले झायफर्ट दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, यान हॉफमन दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, आनेट प्योच १९८० ची ऑलिम्पिक चॅम्पियन, आणि मग विट. १९८४ ला सारायेव्होत गोल्ड, १९८८ ला कॅलगरीत गोल्ड, चार वर्ल्ड टायटल्स, आणि १९८३ ते १९८८ सलग सहा वेळा युरोपियन चॅम्पियन. बायकांच्या सिंगल्समध्ये ऑलिम्पिक गोल्ड राखून दाखवणारी सोन्या हेनीनंतर ही पहिलीच, आणि हेनीचं तिसरं गोल्ड १९३६ चं! मध्ये अर्धं शतक गेलं.

आता आधी त्या 'दिसण्यावर जिंकली' वाल्यांचं बघू, कारण सगळ्यात घाणेरडा युक्तिवाद तो आहे आणि दुर्दैवाने त्यात थोडं तथ्यही आहे. कॅलगरीत ती आणि अमेरिकेची डेबी थॉमस दोघींनी कार्मेन या ऑपेराचंच म्युझिक घेतलं, मीडियाला आयतं युद्ध मिळालं. विटने फ्री प्रोग्रॅम सावधपणे केला, चार ट्रिपल, म्हणजे हवेत तीन गिरक्या घेणाऱ्या उड्या, मारले, ठरवलेला ट्रिपल लूप डबलवर आणला, मधला बराच वेळ पोझेस आणि अभिनयात घालवला आणि शेवटी कार्मेन होऊन बर्फावर मरून पडली. त्या रात्रीचा फ्री प्रोग्रॅम तिने जिंकलाच नाही, तो कॅनडाच्या एलिझाबेथ मॅनलीने जिंकला. आणि जपानच्या मिदोरी इतोने सात ट्रिपल मारले, सात, आणि ती आली पाचवी! हे वाचून कोणाचंही डोकं फिरेल. पण मग नियम वाचा ना. तेव्हा ३० टक्के मार्क कंपल्सरी फिगर्सना होते, म्हणजे बर्फावर एकाच रेषेवरून परत परत वर्तुळं गिरवायची, प्रेक्षक झोपायचे, टीव्हीवाले दाखवायचे नाहीत, पण मार्क मात्र तिथे मिळायचे. विट फिगर्समध्ये तिसरी, शॉर्ट प्रोग्रॅममध्ये पहिली, फ्रीमध्ये दुसरी. इतो फिगर्समध्येच इतकी मागे पडली होती की नंतर बर्फाला आग लावली असती तरी मेडल मिळालं नसतं. याला अन्याय म्हणायचं तर जरूर म्हणा, १९९० नंतर फिगर्स स्पर्धेतून गेल्याही, पण तो अन्याय नियमांचा होता, विटच्या डोळ्यांचा नव्हे. आणि ज्यांना वाटतं तिला उड्या येत नव्हत्या त्यांनी १९८७ ची सिनसिनाटीची वर्ल्ड्स बघावी. फिगर्समध्ये पाचवी होती, आदल्याच वर्षी थॉमसने टायटल हिसकावलेलं, थॉमसच्याच देशात स्पर्धा, आणि हिने पाच ट्रिपल, त्यात ट्रिपल लूपसकट, मारून टायटल परत नेलं. १९८८ मध्ये ती स्कर्टऐवजी नुसती पिसं लावलेला ड्रेस घालून उतरली, ती भानगड झाल्यावर स्केटिंग संघटनेने बायकांना स्कर्ट सक्तीचा केला आणि तो नियम २००४ पर्यंत टिकला, यावरून त्या काळच्या अधिकाऱ्यांचं लक्ष कुठे होतं ते कळतं. लक्ष तिथे ठेवायचं यांनी आणि दोष द्यायचा तिला, असा हा एकूण प्रकार.

असो. मुख्य मुद्दा राजकारणाचा आहे आणि तिथे विरोधकांची बाजू खरंच जड आहे, ती हलकी करून सांगणं अप्रामाणिकपणा होईल. पूर्व जर्मनीत साध्या माणसाला पश्चिमेला जायचं तर पेन्शन लागेपर्यंत थांबा, साधी त्राबांट गाडी बुक केली तर दहा-दहा वर्षं नंबर लागत नाही, आणि पळून जायचा प्रयत्न केला तर तुरुंग किंवा गोळी. १९८९ च्या फेब्रुवारीत ख्रिस ग्युफ्रॉय नावाचा २० वर्षांचा पोरगा भिंत ओलांडताना गोळी लागून मेला, भिंतीवर गोळीने मेलेला तो शेवटचा. विट तेव्हा २३ वर्षांची. जवळपास एकाच पिढीतले दोघे, एकाला सीमा ओलांडताना गोळी आणि दुसरीला पासपोर्ट, गाडी, फ्लॅट. आणि वर ती जाहीरपणे म्हणत राहिली की मला या देशाने घडवलं, मी कृतज्ञ आहे. पश्चिमेकडच्या पत्रकारांनी तिला समाजवादाचा सर्वात सुंदर चेहरा म्हटलं तेव्हा सगळ्यात जास्त खूश बर्लिनमधले म्हातारे नेते झाले असणार. हे फक्त आज मागे वळून बघताना दिसतंय असंही नाही. १९८८ च्या उन्हाळ्यात पूर्व बर्लिनच्या वायसेनझे भागात ब्रायन ॲडम्सची मोठी कॉन्सर्ट झाली, सरकारच्या युवक संघटनेनेच घडवून आणलेली, आणि सूत्रसंचालनाला ऑलिम्पिकचं ताजं गोल्ड घेऊन आलेली विट. पब्लिकने तिची हुर्यो उडवली! तिच्याच वयाची पोरं होती ती. त्यांना कोणी इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवलं नव्हतं, त्यांना आपसूक कळत होतं की ही बाई कोणाच्या बाजूने स्टेजवर उभी आहे.

तर हे सगळं कबूल. पण इथून 'म्हणून ती गुन्हेगार' ही उडी मला पटत नाही, कारण ही उडी मारताना आपण तिथल्या सवलती म्हणजे काय होत्या हेच विसरतो. आपल्याला वाटतं सवलत म्हणजे बक्षीस. तिथे सवलत हा लगाम होता. श्टाझीला, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांना, सगळ्यात मोठी भीती ही की मेडलवाली पोरगी एखाद्या स्पर्धेतून परतच आली नाही तर काय. आणि ही भीती हवेतली नव्हती. १९७२ मध्ये गोथेनबर्गच्या युरोपियन स्पर्धेला गेलेला गुंटर झोलर, याच देशाचा स्केटर, तिकडेच राहिला होता. १९७९ ला फुटबॉलपटू लुट्झ आयगेनडोर्फ टीमबरोबर पश्चिमेत गेला आणि सटकला, १९८३ मध्ये गाडीच्या अपघातात मेला, आणि त्या अपघातामागे श्टाझी होती का हा संशय आजही मिटलेला नाही. म्हणजे पोरीला नीट सांभाळा, गाडी मागते तर गाडी द्या, आणि चोवीस तास पाळत ठेवा. दोन्ही कामं एकाच ऑफिसची. भिंत पडल्यावर विटने स्वतःची फाइल उघडली तर हजारो पानं, शाळकरी वयापासूनची, फोनवर काय बोलली, घरी कोण आलं, रात्री कोण थांबलं आणि किती वेळ. आता मला सांगा, जिच्या बेडरूमबाहेर सरकार घड्याळ लावून बसलंय तिला लाभार्थी म्हणायचं की कैदी? लोक इथे एक काहीतरी निवडायला लावतात आणि तिथेच वाद फसतो. ती दोन्ही होती, आणि त्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीतच, एक दुसरीचं साधन होती. म्युलरच्या मुलीचं, झायफर्टचं बघा. १९७० मध्ये वर्ल्ड चॅम्पियन, पश्चिमेतल्या आइस शोने बोलावलं, सरकार म्हणालं जायचं नाही, विषय संपला. विटला १९८८ नंतर प्रोफेशनल शोमध्ये जाऊ दिलं ते सरकारचं मन मोठं झालं म्हणून नाही, सरकारला डॉलर हवे होते, तिच्या कमाईतला मोठा वाटा सरकारजमा व्हायचा. एवढं सगळं केलेल्या सरकारकडून एक फ्लॅट घेतला म्हणून तिच्यावर दात ओठ खायचे, हे मला तरी जमत नाही.

यावर हुशार विरोधक एक नाव पुढे करतो आणि ते नाव भारी आहे. व्हेरा चास्लावस्का. चेकोस्लोव्हाकियाची जिम्नॅस्ट, सात ऑलिम्पिक गोल्ड. १९६८ मध्ये सुधारणावाद्यांच्या जाहीरनाम्यावर सही केली, ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले, ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोत पोडियमवर सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा हिने मान वळवून खाली घातली. नंतर कित्येक वर्षं त्याची किंमत मोजली, कामं मिळाली नाहीत, सही मागे घे म्हणून दबाव आला, घेतली नाही. मग, विरोधक विचारतो, चास्लावस्काला जमलं ते विटला का नाही? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर दोन भागात आहे. एक म्हणजे चास्लावस्काच्या पाठीशी त्या वर्षी अख्खा देश उभा होता, ती एकटी वेडी नव्हती, तिने जे केलं ते लाखो लोकांच्या मनातलं होतं. १९८४ च्या पूर्व जर्मनीत १८ वर्षांच्या मुलीच्या मागे कोण होतं? मागे श्टाझीचा माणूस होता आणि घरी आईवडील. दुसरं म्हणजे, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, चास्लावस्का थोर आहे ते तिने गरजेपेक्षा कितीतरी जास्त केलं म्हणून. थोरपणाची पातळी हीच जर किमान पात्रता केली तर पूर्व जर्मनीतल्या दीड-पावणेदोन कोटी लोकांपैकी किती जण पास होतील? त्यातले बहुतेक रांगेत उभे राहिले, मोर्च्यांत झेंडे हलवले, निवडणुकीत तो एकच कागद पेटीत टाकला आणि घरी गेले. विटवर दात खाणाऱ्यांत तेही आहेत, गंमत म्हणजे. मात्र चास्लावस्काच्या उदाहरणाने एक गोष्ट नक्की सिद्ध होते, की पर्याय नव्हताच असं म्हणता येत नाही. 'बिचारी काय करणार' वाल्या तटाने ती लक्षात ठेवावी.

आता फाइलींचा प्रश्न. २००० नंतर पत्रकारांना आणि संशोधकांना तिच्या फाइली हव्या होत्या, श्टाझीची कागदपत्रं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने तिला पीडितांऐवजी श्टाझीचा फायदा झालेल्यांमध्ये धरलं, आणि तिने कोर्टात धाव घेतली. झालं, लोक म्हणाले, लपवायचं काही नसेल तर कोर्टात कशाला जाईल? हा तर्क कुठलाही असो, कुठल्याही देशातला असो, मला नेहमीच धोकादायक वाटत आलाय. हेल्मुट कोल, जर्मनी एक करणारा चॅन्सलर, तोही आपल्या फाइली उघड होऊ नयेत म्हणून कोर्टात गेला होता आणि २००२ च्या मार्चमध्ये जिंकला. त्याला का कोणी श्टाझीचा लाभार्थी म्हटलं नाही? अर्थात कोल पश्चिमेचा, त्याचे फोन ऐकले गेले होते, गाड्या नव्हत्या मिळाल्या, हा फरक आहे, मान्य. पण चोरून ऐकलेलं, खिडकीतून बघितलेलं, साहेबाला खूश करायला फुगवून लिहिलेलं, हे सगळं एका बाईच्या नावाने छापून यावं यात लोकशाहीचं काय भलं होतं? उलट बाजूही सांगतो, कारण फाइली जाळून टाका म्हणणाऱ्यातला मी नाही. इंगो श्टॉयरचं प्रकरण घ्या. तोही कार्ल-मार्क्स-श्टाटचाच, पेअर स्केटिंगमध्ये १९९७ चा वर्ल्ड चॅम्पियन, पुढे मोठा कोच. २००६ च्या तुरिन ऑलिम्पिकच्या तोंडावर फाइलीतून बाहेर आलं की तो श्टाझीचा खबरी होता, आजूबाजूच्या लोकांची माहिती पुरवत होता. जर्मन ऑलिम्पिक समितीने त्याला वगळायचा प्रयत्न केला, तो कोर्टात गेला आणि तुरिनला पोचला. ही फाइल उघडायलाच हवी होती, कारण तिच्यात दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान लिहिलेलं होतं. फाइल उघडायची का नाही याची हीच कसोटी मला पटते. तिच्यात त्या माणसाने दुसऱ्याचं काय केलं ते आहे, की दुसऱ्यांनी त्याचं काय केलं ते आहे? श्टाझीचे नव्वद हजारांवर पगारी नोकर आणि त्याच्या दुप्पट खबरी होते. त्यांची नावं शोधा की, भरपूर काम आहे.

इथपर्यंत मी तिची वकिली केली, पण 'चेहरा देणं' या कलमाखाली मी तिला सोडत नाही. लोक म्हणतात चेहरा दिला तर काय झालं, कोणाचं काही घेतलं का. घेतलं ना! हुकूमशाहीला बंदूक जितकी लागते तितकाच हसरा चेहरा लागतो, कारण बंदुकीने आतले लोक गप्प बसतात पण बाहेरच्या जगाला गप्प करायला काहीतरी सुंदर लागतं. १८ वर्षांच्या मुलीला हे कळत नव्हतं असं धरू. पण २३ व्या वर्षी, जग फिरून आल्यावर, कॅमेऱ्यासमोर त्या व्यवस्थेचं कौतुक करताना कळत नव्हतं? आणि भिंत पडून चौदा वर्षं झाल्यावर, २००३ मध्ये, टीव्हीवर पूर्व जर्मनीच्या आठवणींचा मनोरंजनाचा शो करताना, त्यात तो पायोनियर, म्हणजे सरकारच्या बालसंघटनेतल्या शाळकरी पोरांचा, शर्ट घालून येताना? तेव्हा तर कोणाची भीती नव्हती. ज्यांच्या घरातली माणसं तुरुंगात गेली त्यांना तो शर्ट बघून काय वाटलं असेल, आणि ते वाटणं तिला आधी सुचू नये, याचा मला राग येतो. लहानपण सगळ्यांनाच गोड लागतं, मान्य, पण तिचं लहानपण आणि सरकारचा प्रचार हे एकाच कापडाचे होते, तिने तरी ते ओळखायला हवं होतं.

याबाबतीत दोन जुने खेळाडू शेजारी ठेवून बघावेत. बॉक्सर मॅक्स श्मेलिंगने १९३६ ला जो लुईला पाडलं तेव्हा नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं, हिटलरबरोबर जेवला, फोटो काढले. म्हणजे चेहरा दिला. पण तो पक्षात गेला नाही, आपल्या ज्यू मॅनेजरला सोड म्हटलं तर सोडलं नाही, आणि १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंच्या दुकानांना आगी लागल्या त्या दिवसांत एका ज्यू मित्राच्या दोन मुलांना बर्लिनच्या हॉटेलात स्वतःच्या खोलीत लपवलं. सोन्या हेनी नॉर्वेची, तिला तर कोणाची जबरदस्तीही नव्हती, तरी हिटलरसमोर हात वर करून सलाम ठोकला, त्याच्याकडे जेवायला गेली, आणि नंतर जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या तेव्हा त्याने सही करून दिलेल्या फोटोने तिचं घर वाचवलं असं सांगतात. विट या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसते. श्मेलिंगसारखं तिच्या नावावर काही जमा नाही, पण हेनीसारखं मोकळ्या देशात राहून हौसेने कोणाला सलाम ठोकणं हेही नाही. आणि एक गोष्ट तिच्या बाजूने, जी तिचे समर्थकही विसरतात. १९९४ मध्ये प्रोफेशनल स्केटर्सना परत यायची परवानगी मिळाली तेव्हा ती २८ वर्षांची असताना लिलेहामरला गेली, जिंकायची शक्यता शून्य, नव्या पोरी उड्यांमध्ये कुठल्या कुठे गेलेल्या. फ्री प्रोग्रॅम केला तो एका जुन्या युद्धविरोधी गाण्यावर, आणि उघड सांगून केला की हा सारायेव्होसाठी आहे, जिथे तिला पहिलं गोल्ड मिळालं होतं आणि ज्या शहराला तेव्हा वेढा पडला होता. ज्या झेत्रा हॉलमध्ये ती चॅम्पियन झाली तो बॉम्बगोळ्यांनी उद्ध्वस्त झालेला. सातवी आली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणतंही सरकार मागे नव्हतं. स्वतःच्या अकलेने चेहरा कशाला द्यायचा हे तिने एकदा तरी ठरवलं, आणि बरं ठरवलं.

हा सगळा हिशोब आज का मांडायचा, तर रशियन स्केटर्समुळे. कामिला वालियेवा २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला १५ वर्षांची होती, डोपिंगमध्ये सापडली आणि सगळ्या जगाने त्या पोरीला टीव्हीवर रडताना बघितलं, नंतर स्केटिंग संघटनेने सीनियर वयाची मर्यादा १७ वर नेली. ती पोरगी व्यवस्थेने घडवली, वापरली आणि फेकली, तिच्याकडे युद्धाचा जाब मागणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. दुसरीकडे स्विमर येवगेनी रिलोव्ह, दोन ऑलिम्पिक गोल्डवाला मोठा माणूस, मार्च २०२२ मध्ये मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियमवरच्या युद्धसमर्थक सभेत स्टेजवर उभा राहिला, त्याला नऊ महिन्यांची बंदी मिळाली. मला ती बंदी योग्य वाटते, कमीच वाटते. दोघेही रशियन, दोघेही सरकारी यंत्रणेतून आलेले, आणि तरी एकाच मापाने मोजता येत नाहीत. 'सगळे रशियन बाहेर' आणि 'खेळात राजकारण नको', दोन्ही घोषणांना हा फरक करायचाच नाहीये कारण फरक करायला प्रत्येकाचं वेगळं वाचावं लागतं, विचारावं लागतं, वेळ जातो.

आणि त्या वेळात वरचे लोक सुटतात. पूर्व जर्मनीच्या अख्ख्या खेळयंत्रणेचा मालक मानफ्रेड एवाल्ड, १९६१ पासून १९८८ पर्यंत त्या खुर्चीत होता. त्याच्या काळात स्विमिंग आणि ॲथलेटिक्समधल्या अल्पवयीन मुलींना काय आहे ते न सांगता हॉर्मोनच्या गोळ्या खायला घातल्या, त्यांची शरीरं कायमची बिघडली. २००० साली बर्लिनच्या कोर्टात तो दोषी ठरला आणि शिक्षा झाली २२ महिने, तीही स्थगित, म्हणजे एक दिवसही आत जायचं नाही. काटारिना विट लाभार्थी होती का यावर जर्मन पेपरांनी जेवढी शाई घातली त्याचा दहावा हिस्सा तरी एवाल्डच्या वाट्याला आली का ते बघा कधीतरी. त्याच्या नावावर कोणी रील बनवत नाही, त्याने पिसांचा ड्रेस घातला नव्हता ना.